अंगणवाडीची वाट

माझी धाकटी बहीण बंगळूरला सर्जापूर रोडवर राहते. कोरमंगलाच्या बाजूने निघून, इब्बलूरचा चौक ओलांडून दोम्मसंद्र आणि पुढे सर्जापूर गावाकडे जाणारा हा रस्ता. पंचवीसतीस वर्षांपूर्वी त्याच्या दोहों बाजूंस शेते आणि तळी होती. आज वीसवीस मजल्यांच्या इमारती आहेत, आणि जेथे त्या नाहीत तेथे त्यांचे पाये खणले जात आहेत. मागे काही दिवस मी तेथे राहिलो असता सकाळी भाच्याला बालशाळेत पोचविण्याचे काम आपण होऊन पत्करले. भाचा साडेतीन वर्षांचा. त्याची शाळा इमारतींच्या संकुलातच, तळमजल्यावर आहे. आत सुतारकाम उत्तम केलेली बुटकी कपाटे; त्यांत दहा लाकडी ठोकळ्यांचा गुलाबी मनोरा, दट्ट्यांच्या पेट्या, मण्यांच्या माळा, खरखरीत कागदाची अक्षरे. मुले खरोखरच आनंदात होती. मला तेथे दोष काढावासा वाटला नाही.

संकुलाच्या कुंपणाला लागूनच दुसऱ्या इमारतीचे काम चालू होते. तेथल्या मजुरांच्या पत्र्याच्या खोल्या रस्त्याच्या कडेने ओळीने उभ्या. परतताना रोज एक आठनऊ वर्षांची मुलगी कडेवर एक मूल घेऊन वाळूच्या ढिगाशी उभी असलेली दिसे. तिसऱ्या दिवशी मी मोडक्या हिंदीत तिला काही विचारले, आणि तिने उत्तर दिले ते कानडी वळणाच्या मराठीत! घरची माणसे आळंदकडची, म्हणजे गुलबर्ग्याच्या सरहद्दीवरची निघाली. शाळेत जात नाहीस का, ह्यावर ती म्हणाली, “गावाला असताना जात होते. आता ह्याला कोण बघंल?”

ह्या उत्तराने मला घरापर्यंत सोडले नाही, त्याचे कारण हा प्रश्न नवा नाही. तो आपल्या महाराष्ट्रात ऐंशी वर्षांपूर्वी दोन बायकांनी ऐकला होता आणि त्याचे उत्तर शोधण्यात त्यांनी आपले उरलेले आयुष्य घालविले होते. त्या शोधाची हकीकत आज सांगावयाची आहे. परंतु तिचा आरंभ जरा दूरवर, आणि योगायोगाने एका मोठ्या इमारतीतच, झाला.

रोममध्ये सॅन लोरेन्झो नावाची मजुरांची वस्ती आहे. ह्या शतकापूर्वीच्या शतकाच्या आरंभी तेथे एका गृहबांधणी कंपनीने पडक्या इमारती दुरुस्त करून कामकरी कुटुंबांना भाड्याने दिल्या. आईबाप सकाळी कामावर जात. मागे राहिलेली पोरे जिन्यांतून धुडगूस घालीत आणि नव्या भिंती रंगवून ठेवीत. भिंतींच्या काळजीपोटी मालकांनी असे ठरविले की मुलांना एका खोलीत गोळा करून कोणाच्या तरी हवाली करावे, आणि हे काम डॉक्टर मारिया माँटेसोरी ह्यांच्याकडे आले. ६ जानेवारी १९०७ रोजी तेथे पहिले ‘बालगृह’ उघडले. म्हणजे आज ज्या पद्धतीचे नाव ऐकताच आपल्या डोळ्यांपुढे सुखवस्तू घरांतील मुले उभी राहतात, ती पद्धती मजुरांच्या मुलांकडे पाहून सुचलेली आहे. तीनचार वर्षांचे मूल एखादे काम मनाजोगे सापडले म्हणजे किती वेळ त्यात गढून जाते, त्याला बक्षीसही नको असते आणि दटावणीही नको असते, हे माँटेसोरीबाईंनी पाहिले ते ह्या उनाड ठरविलेल्या पोरांत. पुढे पद्धतीचा लौकिक झाला, साधने कारखान्यांत तयार होऊ लागली, त्यांच्या किमती चढल्या, आणि बालगृह जेथून निघाले त्या गल्लीतून ते हळूहळू वरच्या आळीत राहावयास गेले.

हिंदुस्थानात ह्या विचाराचे बी पेरले ते सौराष्ट्रात. भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका ह्यांनी १९२० साली बालमंदिर सुरू केले. गिजुभाई मूळचे वकील. वकिली सोडून ते मुलांत इतके रमले की लोक त्यांना ‘मूछाळी मा’, म्हणजे मिशीवाली आई, म्हणू लागले. त्यांच्याकडे १९२३ साली ताराबाई मोडक आल्या.

ताराबाईंचा जन्म १८९२ चा. माहेरच्या त्या केळकर. प्रार्थनासमाजी वळणाच्या घरात वाढलेल्या आणि १९१४ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झालेल्या. लग्न होऊन अमरावतीस गेल्या. तो संसार टिकला नाही. पुढे राजकोटच्या बार्टन स्त्री-अध्यापन विद्यालयाच्या त्या मुख्याध्यापिका झाल्या. त्या काळी स्त्रीला ह्याहून मानाची नोकरी मिळणे अवघड होते, आणि ती सोडून त्या भावनगरच्या बालमंदिरात मुलांच्या मागे बसावयास गेल्या. मी स्वतः सरकारी नोकर असल्यामुळे असेल कदाचित, परंतु त्यांच्या चरित्रातील हे पान मला इतर मोठ्या प्रसंगांहून अधिक धाडसाचे वाटते.

१९२६ मध्ये गिजुभाई आणि ताराबाई ह्यांनी नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला. ‘शिक्षणपत्रिका’ गुजरातीत निघत होती, ती पुढे मराठीतही निघू लागली. १९३६ साली ताराबाई मुंबईस परतल्या आणि दादरला त्यांनी शिशुविहार उभारला. मुलांना मातृभाषेत शिकवावे, मारू नये, घोकून घेऊ नये, गाणे आणि गोष्ट ही शिक्षणाची साधने मानावीत, ह्या गोष्टी मराठी मध्यमवर्गाला पटू लागल्या त्या बव्हंशी ह्या शाळेमुळे आणि त्या पत्रिकेमुळे. आज त्या आपल्याला स्वयंसिद्ध वाटतात. परंतु आपल्या आजोबांच्या पिढीत ‘छडी लागे छमछम’ हीच शिक्षणाची सर्वमान्य व्याख्या होती, हे विसरून चालणार नाही.

दादरची शाळा चांगली चालली होती. तथापि ताराबाईंना एक गोष्ट खुपत होती. ज्या मुलांना घरी पुस्तके आहेत, खेळणी आहेत, बोलावयास फुरसत असलेली आई आहे, त्यांच्याच वाट्याला ही शाळा येत होती. देशातील बहुतेक मुले खेड्यांत होती. गांधीजींनीही १९३१ मध्ये लंडनला माँटेसोरींच्या विद्यार्थ्यांपुढे बोलताना गरिबांच्या मुलांचाच विषय काढला होता, आणि पुढे सेवाग्रामला पूर्वबुनियादी शिक्षणाचा विचार सुरू झाला तोही ह्याच ओढीने. १९४५ साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, ताराबाईंनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्याच्या समुद्रकाठी असलेल्या बोर्डी गावी ग्रामबालशिक्षाकेंद्र काढले.

ह्याच वर्षी बोरिवलीस कस्तुरबा निधीच्या शिबिरात अनुताई वाघ त्यांना भेटल्या. अनुताईंचा जन्म १९१० मधला, मोरगावचा. तेराव्या वर्षी लग्न आणि सहा महिन्यांच्या आत वैधव्य. वडिलांनी त्यांना शिकविले, त्या शिक्षिका झाल्या, पुण्याच्या हुजूरपागेत नोकरी करीत असताना रात्रीच्या शाळेत बसून मॅट्रिक झाल्या. ताराबाईंनी बोलाविले तशा त्या बोर्डीला आल्या. पुढची सत्तेचाळीस वर्षे त्यांनी त्याच मुलुखात काढली.

बोर्डीला ह्या दोघींना जे कळले ते कोणत्याही विलायती ग्रंथात लिहिलेले नव्हते. बालवाडी उघडली, वेळ ठरविली, साधने मांडली. परंतु हरिजनवस्तीतील आणि गरिबांच्या वाड्यांवरील मुले तेथवर येईनात. काहींच्या आया पहाटेच कामास गेलेल्या, काहींच्या अंगावर कपडा नाही, काहींना गावातील इतर मुलांशेजारी बसण्याचा संकोच. शाळा चालविणारा बहुतेक मनुष्य अशा वेळी म्हणतो की ह्या लोकांना शिक्षणाची गोडीच नाही. ताराबाईंनी तसे म्हटले नाही. मुले शाळेत येत नाहीत तर शाळेनेच मुलांच्या दारात जावे, असे ठरवून त्यांनी वस्तीतील अंगणातच वर्ग भरविण्यास आरंभ केला. गावातली एक केंद्रवर्ती बालवाडी आणि वस्त्यांच्या अंगणांत, तेथल्या लोकांच्या सोयीच्या वेळी भरणाऱ्या अंगण-बालवाड्या, अशी ती योजना होती.

‘बालवाडी’ हा शब्दच मोठा गोड आहे. वाडी म्हणजे बाग. फ्रोबेलने जर्मनीत आपल्या शाळेला ‘मुलांची बाग’ असे नाव १८४० मध्ये दिले होते, त्याचे हे देशी रूप. त्याला आता अंगण येऊन मिळाले.

अंगणात वर्ग भरवावयाचा म्हणजे काय, ह्याचा जरा बारकाईने विचार करावा. तेथे गुलाबी मनोरा नेता येत नाही. नेला तरी तो विकत आणण्यास पैसा कोठला? तेव्हा साधने तेथेच शोधावी लागली. समुद्रकाठचे शंख आणि शिंपले, चिंचोके, गुंजा, पाने, फुले, लहानमोठे दगड, मातीची भांडी. मोठ्याकडून लहानाकडे ओळ लावणे, सारख्याला सारखे जुळविणे, रंग आणि पोत ओळखणे हे मूळ काम शिंपल्यांनीही तितकेच होते. लाकडी दट्ट्याचे महत्त्व लाकडात नसून मुलाच्या बोटांना जे करावे लागते त्यात आहे, हे ह्या बायकांनी ओळखले आणि माँटेसोरीचा गाभा ठेवून तिची पेटी सोडून दिली. दुसरे असे की अंगणात पहिला धडा अंघोळीचा असे. मुलांना न्हाऊ घालणे, नखे काढणे, केस विंचरणे, खरजेवर औषध लावणे, हे सारे आधी, गाणे आणि गोष्ट मागून. आणि तिसरे, जे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते: अंगणात आई पाहात असते. ओट्यावर बसून निवडटिपण करणाऱ्या बाईच्या कानांवर ते गाणे पडते, मूल न मारताही ऐकते हे तिच्या डोळ्यांसमोर घडते. चार भिंतींच्या शाळेत हा लाभ नाही.

१९५७ च्या सुमारास केंद्र बोर्डीहून जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेले. आता गाठ वारल्यांशी होती. हा डहाणू-तलासरीचा टापू, वेठबिगारीचा. १९४५ मध्ये, म्हणजे बोर्डीला बालवाडी निघाली त्याच साली, गोदावरी परुळेकर आणि त्यांचे सहकारी ह्यांच्या नेतृत्वाखाली येथले वारली वेठीविरुद्ध उठले होते. दोन अगदी निराळ्या वाटांनी काम करणाऱ्या माणसांच्या पुढे येथे एकच दारिद्र्य उभे होते. पाडे डोंगरात विखुरलेले, पावसाळ्यात पोटाला अन्न नाही, आणि शाळेत जाण्याच्या वयाचा मुलगा गुरांमागे तर मुलगी धाकट्या भावंडामागे.

येथे ती कडेवरच्या मुलाची गोष्ट आली. अनुताई आणि ताराबाई ह्यांच्या ध्यानात आले की शाळेच्या पटावरून मुलगी गळते ती बहुधा अभ्यासाच्या भीतीने नव्हे. तिच्या कडेवर कोणी तरी असते. ते मूल कोठे ठेवावयाचे ह्याचा बंदोबस्त जोवर होत नाही तोवर तिला शाळेत बोलावण्यात अर्थ नाही. म्हणून कोसबाडला त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात, एकाच कामाचे तीन भाग म्हणून, चालविली. ह्या योजनेला विकासवाडी असे नाव होते. मोठी बहीण येते, धाकट्याला पाळण्यात देते, मधल्याला बालवाडीत बसविते आणि आपल्या वर्गात जाते. मधल्या सुट्टीत तिला तिघेही एकमेकांस दिसतात. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी तर शाळाच कुरणात गेली, ती कुरणशाळा. गुरे चरत असता झाडाखाली अक्षरे, मोजणी आणि गोष्टी.

१९६२ साली ताराबाईंना पद्मभूषण मिळाले. १९७३ मध्ये त्या वारल्या. अनुताईंनी काम पुढे चालविले, ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ हे आत्मचरित्र लिहिले, आणि १९९२ मध्ये त्यांचेही निधन झाले.

ताराबाई गेल्या त्यानंतर दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ गटांत प्रयोग म्हणून सुरू केली. महाराष्ट्रात त्यासाठी मेळघाटातले धारणी निवडले गेले, कर्नाटकात म्हैसूरजवळचे टी. नरसीपूर. योजनेच्या केंद्राला नाव मिळाले ‘अंगणवाडी’. आज देशात सुमारे चौदा लक्ष अंगणवाड्या आहेत. सर्जापूर रोडच्या आतल्या बाजूस, इमारतींच्या घेऱ्यात उरलेल्या एका जुन्या गावठाणात मी कानडी पाटी पाहिली. तिच्यावरचे अक्षर लावता आले तेव्हा तोच शब्द निघाला. बोर्डीच्या वस्तीतील कल्पना हिंदीच्या वाटेने कानडीत येऊन बसली होती. मला त्या पाटीपुढे क्षणभर थांबावेसे वाटले, हे कबूल करतो.

पण शब्द पोचला तितकी वस्तू पोचली का? योजनेत सहा सेवा सांगितल्या आहेत: पूरक आहार, लसटोचणी, आरोग्यतपासणी, दवाखान्याकडे पाठवणी, आयांना आहार-आरोग्याची शिकवण, आणि पूर्वप्राथमिक शिक्षण. नोकरीच्या आरंभीच्या वर्षांत एका जिल्ह्यात मला अंगणवाड्यांच्या तपासणीस जावे लागे. माझ्या हातातील तक्त्यात वजनाचे रकाने होते, धान्याच्या शिलकीचे होते, लसींचे होते. शिक्षणाच्या नावाखाली एकच रकाना: हजेरी. सेविकेने आज कोणते गाणे म्हटले, मुलांच्या हाती काय दिले, कोणते मूल बोलत नाही, हे विचारण्यास जागाच नव्हती, आणि मीही ते विचारीत नसे. एकदा मी गेलो तेव्हा एक सेविका चिंचोक्यांचे डाव मांडून बसली होती. मला पाहताच तिने ते घाईघाईने पदराआड केले आणि वह्या पुढे सरकवल्या. तिला वाटले, साहेबांना खेळ दिसला तर कामचुकारपणा समजतील. ह्या प्रसंगाची आठवण आजही मला सुखावह नाही.

मोजता येते तेच सरकारला दिसते, असा आमच्या धंद्याचा दोष आहे. भुकेल्या मुलाला आधी अन्न हवे, ह्यात वाद नाही. बोर्डीतही अंघोळ आणि औषध आधीच होते. परंतु तेथे मागून गाणे येत असे. सरकारी अंगणवाडीत ते पुष्कळदा मागेच राहिले. आणि ज्या बाईने ते म्हणावयाचे तिला आपण कर्मचारी न म्हणता मानसेवी म्हणत आलो. पगार नव्हे, मानधन. तिला उपदानाचा हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाला २०२२ मध्ये सांगावे लागले.

राज्यघटनेनेही ह्या वयाच्या बाबतीत एक विचित्र प्रवास केला आहे. १९५० च्या मूळ पंचेचाळीसाव्या कलमात चौदा वर्षे पुरी होईपर्यंत सर्व मुलांना मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचे उद्दिष्ट होते. खालची वयोमर्यादा तेथे घातलेलीच नव्हती. २००२ च्या शहाऐंशीव्या दुरुस्तीने शिक्षण हा मूलभूत हक्क झाला, पण तो सहा ते चौदा वयाचा. सहाच्या आतील मुलांसाठी राज्य ‘प्रयत्न करील’ एवढेच उरले. आता २०२० च्या शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ ही वर्षे एकत्र धरून शिक्षणाचा पाया मानला आहे, आणि २०२३ पासून सेविकांना शिक्षणाचेही प्रशिक्षण देण्याची मोहीम निघाली आहे. ह्या फेऱ्याला सुमारे सत्तर वर्षे लागली. जे धोरण आज सांगते ते बोर्डीच्या अंगणात चालू होते.

राहिला प्रश्न त्या वाळूच्या ढिगापाशी उभ्या असलेल्या मुलीचा. कोसबाडच्या पाड्याला निदान जागा होती. मजुरांच्या वस्तीला तीही नाही. इमारत पुरी झाली की वस्ती उठते आणि मुले पुढच्या पायावर जातात. गावठाणातली अंगणवाडी तिच्या पत्र्याच्या खोलीपासून फार दूर नव्हती, पण मध्ये तो रस्ता होता, आणि तो रस्ता मोठ्या माणसानेही जपून ओलांडावा असा आहे. ह्या प्रश्नाचेही उत्तर कोणी शोधले नाही असे नाही. १९६९ मध्ये दिल्लीत गांधी शताब्दीच्या प्रदर्शनाचे बांधकाम चालू असता, धुळीत पडलेली मजुरांची तान्ही मुले मीरा महादेवन ह्यांनी पाहिली आणि तेथेच तंबूत पाळणाघर मांडले. त्यातून ‘मोबाइल क्रेशेस’ ही संस्था निघाली, आणि तिचे काम पुढे मुंबई-पुण्यातही आले. काम जेथे जाईल तेथे पाळणाघर जाईल, हे तिचे सूत्र. अंगण नसलेल्यांसाठी चालते अंगण, असे त्याला म्हणता येईल. १९९६ च्या बांधकाम मजूर कायद्यातही पन्नासाहून अधिक स्त्रिया कामावर असतील तेथे सहा वर्षांखालील मुलांसाठी खोली ठेवण्याची तरतूद करण्यात आली होती. परंतु ठेकेदाराच्या हजेरीबुकात पन्नास स्त्रिया एका जागी क्वचितच भरतात. बाई नवऱ्याबरोबर जोडीने कामास येते आणि वहीत बहुधा नवऱ्याचेच नाव असते.

२०१० साली स्थापन झालेल्या, शिक्षणाच्या अभ्यासासाठी नावाजलेल्या अझीम प्रेमजी विद्यापीठाचे आवार ह्याच रस्त्याने पुढे, सर्जापूर गावाच्या बाजूला आहे. एकाच रस्त्यावर विद्यापीठ, गुलाबी मनोरा, कानडी पाटीची अंगणवाडी आणि वाळूचा ढीग. सॅन लोरेन्झोच्या इमारतीत भाडेकरूंची मुले होती. येथे इमारत बांधणाऱ्यांची मुले कुंपणाबाहेर आहेत.

निघण्याच्या आदल्या दिवशी मी बहिणीशी हा विषय काढला. तिने मला ऐकून घेतले आणि मग म्हणाली, “दादा, आमच्या संकुलात दुपारी दोन ते पाच ती शाळेची खोली रिकामीच असते. मी समितीत विचारून बघते.” समितीत काय झाले ते तिने पुढे पत्राने कळविले. सहाजणांचा होकार, नऊजणांचा नकार. नकाराचे कारण सुरक्षा असे नोंदले गेले. पुढच्या बैठकीत ती विषय पुन्हा मांडणार आहे. तोवर शेजारच्या इमारतीचा चौदावा मजला पडला आहे, आणि वीस मजले झाले की ते लोक तेथून हलतील.